नकाशा दुसऱ्याला द्यायचा तर कुठल्या फाईलमध्ये?

नवखी_नकाशेवाली: क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये विहिरी, ओढे आणि रस्ते असे तीन लेयर (थर) लावून नकाशा केला. सहकाऱ्याला क्यूजीझेड, म्हणजे प्रोजेक्टची फाईल पाठवली, तर त्याच्याकडे एकही लेयर दिसेना. मग शेपफाईल (लेयरच्या डेटाचा जुना फाईल प्रकार) दिल्या, तर रंग गेले आणि 'विहिरीची खोली' या रकान्याचं नावच तुटलं. काय करू?

जुनाखोड: क्यूजीझेडमध्ये डेटा नसतोच. कुठली फाईल कुठे आहे आणि ती कशी रंगवायची, एवढंच त्यात असतं. तुमच्या डिस्कवरचे पत्ते त्याच्या मशीनवर कसे सापडणार?

शेपफाईलचं म्हणाल तर तिला आता निरोप द्या. तिचा तक्ता डीबीएफ फाईलमध्ये असतो आणि त्यात रकान्याच्या नावाला 10 बाइट. यूटीएफ-8 या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट खातं, आणि वेलांटीसुद्धा वेगळी मोजली जाते. म्हणजे 'विह' लिहिलं की जागा संपली! शिवाय एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ, पीआरजे असा सगळा गोतावळा सोबत न्यायचा. पीआरजे मागे राहिली की समोरचा विचारणार, प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणायची पद्धत) कुठलं?

जिओपॅकेज वापरा. ओजीसी या नकाशा-डेटाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं 2014 पासूनचं मानक आहे. आत साधा एसक्यूलाइट डेटाबेस, फाईल एकच. प्रोसेसिंग टूलबॉक्समधलं 'पॅकेज लेयर्स' चालवा, स्टाइल जतन करण्याची खूण तेवढी बघून घ्या. मग त्या जीपीकेजीतले (जिओपॅकेज फाईलमधले) लेयर नव्या प्रोजेक्टमध्ये घ्या आणि प्रोजेक्टही त्याच जिओपॅकेजमध्ये सेव्ह करा. जुनाच प्रोजेक्ट आत कोंबलात तर तो जुन्याच पत्त्यांवर डेटा शोधत बसेल.

आणि क्यूजीआयएस बंद करूनच फाईल कॉपी करा. चालू असताना शेजारी डब्ल्यूएएल नावाची फाईल दिसते ना? ताजे बदल कधीकधी तिच्यातच अडकलेले असतात.

आर्कवाला: सहकारी आर्कजीआयएस प्रो या दुसऱ्या नकाशा-सॉफ्टवेअरवर असेल तर जीपीकेजी उघडेल, पण क्यूजीआयएसची रंगसंगती येणार नाही. उलट त्याने एलपीकेएक्स (आर्कजीआयएसमधून बांधून दिलेली लेयरची फाईल) पाठवली तर ती सेव्हन-झिपने सोडवा. आत बहुधा जीडीबी, म्हणजे आर्कजीआयएसच्या डेटाबेसचा फोल्डर निघतो, तो क्यूजीआयएस वाचतं.

नवखी_नकाशेवाली: तोही क्यूजीआयएसच वापरतो. आत्ताच फोन आला, रंगांसकट उघडलं! पण साहेबांना नकाशा नुसता गूगल अर्थमध्ये बघायचाय. त्यांनाही हेच देऊ?

जुनाखोड: छे, त्यांना केएमझेड द्या. ती म्हणजे झिप केलेली केएमएल, गूगल अर्थची नकाशा-फाईल. कोऑर्डिनेट डब्ल्यूजीएस 84 या अक्षांश-रेखांशांच्या पद्धतीतच जातात, क्यूजीआयएस ते रूपांतर स्वतः करतं. फक्त साहेबांनी त्यात दुरुस्त्या करून परत पाठवल्या तर त्या मूळ डेटात घेऊ नका, रकान्यांचे प्रकार बिघडलेले असतील.