सामना चालू असताना ‘टॅक्टिक्स बदलणे’ : डावपेच, व्यूह की पवित्रा?

कूपरेज गेट

‘फुटबॉल मॅनेजर’ (संघाचा व्यवस्थापक होऊन खेळायचा कॉम्प्युटर गेम) नव्याने खेळू लागलेल्या आमच्या कॉलनीतल्या पोरांसाठी मराठीत टिपणं लिहितोय. खेळात मराठीचा पर्याय नाही, त्यामुळे पडद्यावर सगळं इंग्रजीच दिसतं. लीग, ट्रान्सफर वगैरे भाग सहज उरकला. गाडी अडली ती सामना चालू असताना करायच्या बदलांवर. ‘टॅक्टिक्स’ला वर्तमानपत्रं कधी डावपेच म्हणतात, कधी रणनीती, कधी व्यूहरचना. पण या गेममध्ये फॉर्मेशन (खेळाडूंची मैदानावरची मांडणी) वेगळं, मेंटॅलिटी (संघ किती जोखीम घेऊन खेळतो ते) वेगळी, सूचना वेगळ्या. सगळ्याला डावपेच म्हटलं तर वाचणाऱ्याला कुठलं बटण दाबायचं ते कळणार नाही. शिवाय ‘मेंटॅलिटी’ला मानसिकता लिहिलं की ते समुपदेशकाचं पत्रक वाटतं. काय करावं?

दादरचा बॅकबेंचर

टॅक्टिक्स लिहा आणि मोकळे व्हा. अंधेरीच्या स्टेडियममध्ये कोणी ‘व्यूहरचना बदल रे’ असं ओरडताना ऐकलंय का?

निदानरेषा

बॅकबेंचर साहेब, स्टेडियममधली ओरड आणि लिहिलेलं टिपण यात फरक असणारच. आणि शब्द नाहीत अशी तर परिस्थितीच नाही. उलट इतके आहेत की आपण ते एकमेकांच्या जागी वापरून बोथट केलेत.

व्यूह घ्या. युद्धात सैन्य कसं मांडलं ती मांडणी म्हणजे व्यूह. चक्रव्यूह, गरुडव्यूह ही आकारांचीच नावं आहेत. म्हणजे ४-२-३-१ किंवा ३-५-२ (बचावापासून आघाडीपर्यंत कुठल्या ओळीत किती खेळाडू ते) हा शब्दशः व्यूह झाला. बातम्यांत मात्र ‘व्यूहरचना आखली’ म्हणजे काहीतरी मोठी योजना केली, एवढाच अर्थ उरलाय. तुमच्या टिपणात फॉर्मेशनला व्यूह म्हणा, फार जड वाटलं तर नुसतं ‘मांडणी’ म्हणा. रणनीती हंगामासाठी ठेवा: तरुण खेळाडू वाढवायचे की तयार विकत घ्यायचे, वगैरे.

डावपेच कुस्तीतून आला. पेच मूळ फारसी, अर्थ पीळ किंवा वळसा. पतंगाचा पेच आणि ‘पेचात पडणे’ त्याच घरातले. डाव एकेकटा असतो: पट काढणं, ढाक मारणं. म्हणून एखादी नेमकी युक्ती सांगताना डाव चपखल बसतो. उदाहरणार्थ, समोरचा लेफ्ट बॅक (डावा बचावपटू) पिवळं कार्ड घेऊन बसलाय, तर आपला वेगवान विंगर (कडेने चढाई करणारा) त्याच्याच बाजूला सोडणं. हा डाव. पण ७०व्या मिनिटाला अख्खा संघ सावध करणं हा डाव नाही.

त्याला शब्द आहे पवित्रा. ‘आक्रमक पवित्रा’, ‘बचावात्मक पवित्रा’, ‘सावध पवित्रा’ हे आपण रोज वाचतो. आता खेळातल्या मेंटॅलिटीच्या सात पायऱ्या पाहा: अति बचावात्मक, बचावात्मक, सावध, समतोल, पॉझिटिव्ह, आक्रमक, अति आक्रमक. पॉझिटिव्ह सोडला तर बाकीचे शब्द मराठीने आधीच पवित्र्याला जोडून ठेवलेत.

कूपरेज गेट

पवित्रा आवडला. पण तो एका माणसाचा असतो ना? पैलवानाचा, पट्टा फिरवणाऱ्याचा. अकरा जणांचा पवित्रा?

निदानरेषा

सरकारही पवित्रा घेतं, कामगार संघटनाही घेते. तो प्रश्न भाषेने केव्हाच सोडवलाय. मला शब्द पटतो तो दुसऱ्याच कारणाने. पैलवान पवित्रा बदलतो तेव्हा पाय, कंबर, हात सगळं एकत्र हलतं. या खेळात मेंटॅलिटीचंही तसंच आहे. ती एक पायरी वर नेली की खेळाचा वेग, पसारा, बचावफळीची जागा, पासमधली जोखीम हे सगळं थोडंथोडं सरकतं, तुम्ही बाकी काहीही हात न लावता. नवखे इथेच फसतात. आधी आक्रमक करतात, वर वेगही वाढवतात, वर फळीही पुढे ढकलतात, आणि मग पाठीमागच्या मोकळ्या जागेत एक लांब पास पडला की डोक्याला हात. ‘मानसिकता’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल की खेळाडूंच्या मनाचा प्रश्न आहे. मनासाठी खेळात वेगळी सोय आहे.

दादरचा बॅकबेंचर

बरं, हे पटलं. पॉझिटिव्हचं काय करणार? ‘सकारात्मक पवित्रा’ म्हणजे वाटाघाटीला तयार असलेला मंत्री.

कल्याण फास्ट

हाहा. ‘पुढाकाराचा’ चालेल का? चेंडू आपल्याकडे ठेवायचा, पुढे जायचं, पण घरदार उघडं टाकायचं नाही.

माझी अडचण वेगळी आहे, ‘हाय लाइन’ची, म्हणजे बचावपटूंची ओळ पुढे नेऊन खेळण्याची. एका ठिकाणी ‘उंच बचावरेषा’ वाचलं आणि मला क्रॉसबारच आठवला. मराठीत मैदानावर उंच म्हणजे चेंडू हवेत.

माहीमची चाळ

मी मुलींच्या संघाला शिकवते. आम्ही म्हणतो ‘फळी वर घ्या’, ‘फळी खाली आणा’. वर-खाली चालतं, उंच-नीच चालत नाही. लिहिताना ‘पुढे सरकवा’ आणि ‘मागे घ्या’ सर्वांत स्वच्छ. आणि बचावफळी, मधली फळी, आघाडीची फळी हे शब्द क्रीडापानाने इतके रुळवलेत की तिथे इंग्रजीकडे जायचं कारणच नाही. ऑफसाइडचा सापळाही तसाच.

विड्थसाठी (संघ मैदानाची किती रुंदी वापरतो ते) ‘रुंदी वाढवा’ नको. खेळ पसरवा, खेळ आवळा. आवळणं म्हटलं की मुलींना हाताने दाखवावं लागत नाही.

टेम्पोला तर आयता शब्द आहे: लय. विलंबित, मध्य, द्रुत. गती म्हटलं की धावण्याचा वेग वाटतो, आणि टेम्पो म्हणजे धावणं नव्हे. चेंडू किती लवकर पुढच्याकडे जातो ते. एक गोलने पुढे असताना मी तरी थेट अति बचावात्मक करणार नाही. फळी आपल्याच बॉक्सवर येऊन बसते आणि क्रॉस झेलत राहावं लागतं. पवित्रा सावध, लय विलंबित, आणि जोडीला थोडा वेळकाढूपणा.

कल्याण फास्ट

वेळकाढूपणा! ‘टाइम वेस्टिंग’ला याहून नेमका शब्द जगात नसेल. त्यात जरा तुच्छता आहे, पण असायलाच हवी. २०२५-२६ पासून तर गोलरक्षकाने ८ सेकंदांहून जास्त चेंडू हातात धरला की समोरच्यांना कॉर्नर मिळतो.

निदानरेषा

आता मनाची सोय म्हणालो ती. टचलाइनवरून, म्हणजे मैदानाच्या कडेवरून, खेळाडूंना ओरडून सांगायचे पर्याय, २०२४च्या आवृत्तीत तरी होते ते. तिथे इंग्रजी यादी कोरडी आहे आणि मराठी श्रीमंत. एन्करेज: धीर द्या. फोकस: भानावर आणा. फायर अप: पेटवा. बिरेट: झापा. ‘डिमांड मोअर’ला ‘अधिक मागणी करा’ असं कुठे लिहिलंत तर मी हा धागा सोडून जाईन. ‘रेटा लावा’ म्हणा. आणि झापणं जपून वापरायला सांगा. आधीच घाबरलेला पोरगा झापला की आणखी गळतो.

दादरचा बॅकबेंचर

सगळं पवित्र्यावर ढकलू नका हं. ४ मे २०२४ची आयएसएल (इंडियन सुपर लीग) अंतिम लढत आठवा. कोलकात्यात, मोहन बागानच्या घरच्या मैदानावर, मध्यंतराला मुंबई सिटी ०-१ मागे. शेवट ३-१. दुसरा गोल बिपिन सिंगचा, आणि तो बदली म्हणून आला होता. याला पवित्रा म्हणाल की माणूस बदलला म्हणाल?

निदानरेषा

माणूस बदलला. त्याला ‘बदल’ हाच शब्द, आणि तो वेगळ्या परिच्छेदात. पाच बदल, पण सामना थांबवायच्या संधी तीनच, मध्यंतर त्यात धरत नाहीत. एकेक करून खर्च केले की ८०व्या मिनिटाला हात रिकामे राहतात, हे पोरांना ठळक अक्षरांत लिहा.

कूपरेज गेट

लिहितो. शेवटचं एकच, प्रेसिंग, म्हणजे चेंडू असलेल्या समोरच्या खेळाडूला मोकळीक न देणं. ‘दबाव टाका’ लिहिलं होतं, पण दबाव तर परीक्षेचाही असतो.

माहीमची चाळ

अंगावर जा. आमच्या मैदानावर दुसरं काही म्हणतच नाहीत. चेंडू हरवल्या जागीच परत घ्यायचा असेल तर ‘तिथेच घेरा’, नाहीतर ‘मागे येऊन फळी लावा’.

दादरचा बॅकबेंचर

‘काउंटर’ मात्र काउंटरच राहू दे.

माहीमची चाळ

प्रतिहल्ला छापून येतो की रोज.

दादरचा बॅकबेंचर

छापून येतो. पण ओरडायला काउंटरच बरा पडतो, ‘प्रतिहल्ला’ म्हणेतोवर चेंडू पार निघून जातो.