तो वेगळा कप तुमच्याही घरी होता का?

आमच्या साताऱ्याकडच्या घरी मागच्या दाराला वळचणीत एक कान तुटलेला कप खोचलेला असायचा, शेतावर कामाला यायचे त्यांच्यासाठी. मी पाच-सहा वर्षांची असेन, चहा द्यायचं काम माझ्याकडे. किटली कपाला लागू द्यायची नाही, वरून ओतायचं, हे मला कुणी सांगितलं होतं असं आठवतच नाही, आजीचं बघून बघून हात आपोआप वर जायचा. ते साठीचे, मला ताई म्हणायचे आणि मी त्यांना अरेतुरे. आता ह्या दिवाळीला आईकडे गेले तर कामवाल्या मावशींचा कप सिंकखाली वेगळा, स्टीलचा, चकचकीत. आई म्हणते अगं हायजिन गं. आणि माझ्या सात वर्षांच्या लेकीने मावशींना चहा द्यायला बरोब्बर तोच कप काढला!! तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये म्हणून विचारतेय. तुमच्याकडे हे कसं आलं? सोसलेलं सांगा, केलेलं पण सांगा. केलेलं सहसा कुणी सांगत नाही.

*

माझं सोसलेलं. आम्ही नांदेडकडचे. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला आणि मग गावोगाव आमच्या वस्त्या पेटवल्या. वडील तेव्हा अकरावीला, आज्याने सगळ्यांना रात्रीतून नाल्याकाठानं बाहेर काढलं. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. तोवर वडलांची नोकरी, लग्न, मी, सगळं होऊन गेलं, पण एक सवय राहिली ती राहिलीच, कुणी आडनाव विचारलं की गावाचं नाव सांगायचं. मलाही तेच शिकवलं. पुण्यात रूम बघायला गेलो तर मालकीणबाई, नुसतं नाव नको, पूर्ण सांगा. ह्यावेळी सांगितलं. "अय्या, कालच गेली हो." संध्याकाळी मुद्दाम तिकडून गेलो, 'भाड्याने देणे आहे' गेटवर तशीच. लोकांच्या घरात त्यांचं ते उतरतं तसं आमच्यात हे भ्यायचं उतरलंय.

*

ठाणे. केलेलं. आठवीत मित्राला म्हणालो, तुम्हाला काय, कोट्यातून मिळतंच. बाबांचं वाक्य, शब्द न शब्द. त्याला माझ्यापेक्षा अकरा मार्क जास्त होते, आणि कोटा म्हणजे काय हे मला माहीत पण नव्हतं तेव्हा.

*

आम्ही मिरजेचे, मुसलमान. मुलगा दुसरीत. डब्यात चपाती आणि बटाट्याची भाजी, तरी शेजारचा म्हणाला मम्मी म्हणाली तुझ्या डब्यातलं खायचं नाही. त्याच्या मम्मीचं मला रोज सकाळी व्हॉट्सॲपवर गुड मॉर्निंग येतं, फुलांचं. मी पण पाठवते, काय करणार. विचारायचं ठरवलं होतं पण शाळेच्या गेटवर भेटली की आम्ही युनिफॉर्म आणि सर्दीखोकल्याबद्दलच बोलतो. मुलगाच म्हणाला, अम्मी उद्यापासून बिस्किटाचा पुडा दे, बंद असलेला, तो चालतो त्याला.

*

बरं, मी पण सांगतो. २०२० च्या डिसेंबरात सरकारने वस्त्यांची जातीवरून पडलेली नावं बदलायचा निर्णय घेतला, आमच्याकडे पण नंतर भीमनगर झालं. मी तेव्हा ग्रामपंचायतीत होतो, पाटीचे खिळे मीच ठोकलेत, फोटो पण आहे. परवा पाव्हण्यांना फोनवर रस्ता सांगताना तोंडातून जुनंच नाव गेलं. गाडीवर मागं पोरगं बसलेलं, नऊ वर्षांचं. पप्पा ते कुठं आलं? त्याला भीमनगर तेवढंच माहीत, रोज क्रिकेट खेळायला जातो तिथं. जुनं नाव त्यानं कधी ऐकलंच नव्हतं.

मी सांगितलं की त्याला.