नाण्यांचा संग्रह आणि दारातली गाडी: पद्मिनी घ्यावी की वॅगनआर? सल्ला हवा

करवीरनाणी (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो आणि गेली २२ वर्षे नाणी जमवतो. संग्रह फार मोठा नाही. सहाव्या जॉर्जचे रुपये हा माझा आवडता विषय आहे, कारण त्याच्या कारकिर्दीत ९१.७ टक्के चांदीचा रुपया १९४० मध्ये ५० टक्क्यांवर आला आणि १९४७ मध्ये तर वाघाचे चित्र असलेला निकेलचा रुपया निघाला. महायुद्धाचा सगळा ताण एका नाण्यात असा हाताला लागतो. मला कोरी नाणी फारशी भावत नाहीत. कुणाच्या तरी कनवटीला राहून, बाजारातून फिरून आलेली नाणी मी घेतो.

आता मुद्द्याचे. घरात पहिलीच चारचाकी घ्यायची आहे. नोंदणी, विमा आणि सुरुवातीची दुरुस्ती धरून एकूण अडीच लाख रुपये आहेत आणि त्यापुढे जाता येणार नाही. दोन गाड्या पाहिल्या आहेत. एक २०१३ सालची वॅगनआर आणि दुसरी गडहिंग्लजच्या एका निवृत्त शिक्षकांची १९९६ सालची प्रीमियर पद्मिनी, जी पहिल्यापासून त्यांच्याकडेच असून रंगही मूळचाच आहे. आईला महिन्यातून दोनदा दवाखान्यात नेणे आणि सांगली, बेळगाव, क्वचित पुणे येथील नाण्यांच्या प्रदर्शनांना जाणे एवढाच वापर आहे.

आमच्या संग्राहक मित्रांत असे म्हणतात की माणसाची नाणी पाहिली की दारात कोणती गाडी असेल ते सांगता येते. आपला अनुभव काय आहे आणि यांपैकी मी कोणती गाडी घ्यावी, हे कृपया सांगावे.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

शंभर टक्के जुळते, आणि त्याचे उदाहरण मी स्वतःच आहे. मी फक्त टांकसाळीतून थेट आलेले प्रूफ संच, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेली चकचकीत नाणी, घेतो. १९६४ च्या नेहरूंच्या नाण्यापासून पुढची स्मारक नाणी माझ्याकडे क्रमाने आहेत आणि त्यांतल्या एकालाही माझ्या बोटाचा स्पर्श झालेला नाही. गाडीही मी नवीनच घेतो, दर चार वर्षांनी बदलतो आणि विकेपर्यंत मागच्या सीटवरचे प्लास्टिक काढत नाही. आपण अडीच लाखांचा विचार सोडून द्यावा. आणखी चार लाख कर्ज काढले तर शोरूममधून नवी गाडी मिळेल आणि आईसाठी एअरबॅगही मिळतील. दुसऱ्याने वापरलेली वस्तू, मग ती नाणे असो वा गाडी, त्याने ती कशी वापरली हे आपल्याला कधीच कळत नाही.

शिवराईप्रेमी

माझा संग्रह शिवराईचा आहे आणि दारात बोलेरो आहे, त्यामुळे माझ्यापुरते तरी जुळते. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, एवढाच मजकूर असलेले ते जाड तांब्याचे नाणे आहे. त्यात नाजूकपणा नाही आणि दिखाऊपणाही नाही. बोलेरोही तशीच सरळ रेषांची आहे आणि तिचा पत्रा हाताला लागतो. माझ्याकडे महाराजांच्या काळातील दुदांडी शिवराया ४० च्या वर आहेत. करवीरनाणी यांनी थोडे थांबून बोलेरोच घ्यावी, कारण आजऱ्याकडच्या रस्त्यांवर दुसरी गाडी टिकत नाही.

टाउनहॉलचा_वारकरी

शिवराईप्रेमी, एक दुरुस्ती करणे आवश्यक वाटते. मागील बाजूस मजकुराच्या मध्ये दोन समांतर रेघा असलेली दुदांडी शिवराई ही महाराजांच्या काळातील नसून पुष्कळ नंतरची, पेशवाईतील आहे. १६७४ च्या राज्याभिषेकापासून सुरू झालेला मजकूर पुढे अनेक टांकसाळींनी तसाच चालू ठेवला, म्हणून हा गैरसमज होतो. गाड्यांचाच दाखला द्यायचा तर अॅम्बॅसेडर पहा: १९५० च्या दशकाच्या अखेरीस आलेली ती आकृती २०१४ पर्यंत जवळजवळ तशीच राहिली, पण म्हणून शेवटची अॅम्बॅसेडर पहिलीइतकी जुनी होत नाही.

मूळ प्रश्नाबाबत माझे मत उलट आहे. मी टाउन हॉल संग्रहालयात लहानपणापासून जातो. ब्रह्मपुरीच्या उत्खननातील पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती मी तिथेच पाहिली आणि सातवाहनकाळाचे वेड लागले. विळिवायकुर या त्या काळातील राजाचे धनुष्यबाण असलेले शिशाचे नाणे हे माझ्या दृष्टीने कोल्हापूरच्या मातीतले सर्वांत मोलाचे नाणे आहे. पण माझ्या दारात इनोव्हा आहे, कारण घरात नऊ माणसे आहेत. नाणे घेताना मी एकटा असतो, तर गाडी घेताना वडील, भाऊ, वहिनी, मुले आणि बँक असे सगळे बरोबर असतात. मग एकट्याची आवड त्या गाडीत उतरणार कुठून? आपणही गाडी आईच्या गुडघ्यांकडे पाहून घ्यावी. वॅगनआरची सीट उंच आहे आणि तिच्यात चढउतार सोपी होते.

हुपरीकर

जुनी गाडी घेणाऱ्या सर्वांनी माझे हे लिखाण कृपया शेवटपर्यंत वाचावे.

२०१९ च्या महापुरात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांची पातळी ओलांडली होती आणि धोक्याची पातळी ४३ फूट आहे, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. त्यानंतर वर्षभराने मी एका विक्रेत्याकडून जुनी गाडी घेतली. आरशासारखी चमक होती, आतून अत्तराचा वास येत होता आणि किंमतही बरी होती. पहिल्या पावसाळ्यात आतल्या वायरी एकेक करून बंद पडू लागल्या. मिस्त्रींनी चालकाचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला, तेव्हा आतल्या भागावर वाळलेल्या गाळाची सरळ रेघ दिसली. गाडी पुरात उभी होती. तो बेल्ट मी खरेदीच्या दिवशी ओढून पाहिला असता, तर सगळे दोन मिनिटांत उघड झाले असते.

त्याच वर्षी मी १९३९ चा चांदीचा रुपयाही घेतला होता. तो अतिशय दुर्मीळ आहे आणि म्हणूनच त्याची नक्कल फार होते, हे मला माहीत असूनही चमक पाहून मी भुललो. घरी काट्यावर ठेवला तर ११.६६ ग्रॅमऐवजी साडेदहा ग्रॅमच भरला आणि भिंगाखाली कडेवर ओतकामाची शिवण स्पष्ट दिसली. आमच्या गावात घरोघर चांदीचे काम चालते, तरी मी ते नाणे कुणा कारागिराला दाखवले नाही, याची खंत आजही आहे.

त्यामुळे आवड जुळते की नाही हे मी सांगू शकत नाही, पण दोन्हीकडे चूक एकच झाली, एवढे नक्की सांगतो. नाणे कडेवरून पाहावे आणि गाडी कार्पेट उचलून पाहावी. वॅगनआर असो वा पद्मिनी, बेल्ट पूर्ण ओढा, डिकीतील स्टेपनीचा खळगा पाहा आणि पत्र्यावर लोहचुंबक फिरवा. जिथे चुंबक धरत नाही, तिथे पुट्टी भरलेली असते.

शिवराईप्रेमी

दुदांडीबाबतची दुरुस्ती मी मान्य करतो, जरी मला ती नाणी वडिलांनी महाराजांच्या काळातील म्हणूनच दिली होती. त्यांच्यावरील माझे प्रेम त्यामुळे कमी होणार नाही. पुरातील गाडीचा अनुभव वाचून तर बोलेरो हाच पर्याय योग्य वाटतो, कारण ती उंच आहे.

उद्यमनगर_लेथ

मी शिवाजी उद्यमनगरमध्ये ३० वर्षे लेथवर काम करतो आणि जुन्या गाड्यांचे सुटे भाग बनवून देतो, म्हणून पद्मिनीबद्दल अधिकाराने लिहितो. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली आणि तेव्हापासून नवे सुटे भाग मिळणे अवघड झाले आहे. आपल्या गावात फाउंड्री आणि लेथ असल्यामुळे बुश, पिन, शाफ्ट बनवून मिळतात, पण काचा, रबरी पट्ट्या आणि दिव्यांच्या काचा बनत नाहीत, त्या शोधाव्या लागतात. आता पंपावर २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते, त्यामुळे इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या आणि इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा पडदा पहिल्याच आठवड्यात इथेनॉलला चालणारे बसवून घ्या, नाहीतर गळती सुरू होऊन आग लागण्याचा धोका राहतो. पुण्याला जायचे असेल तर खंबाटकी घाटाआधी रेडिएटर स्वच्छ करून घेतलेला असावा.

माझे मत असे की पद्मिनी घ्यायचीच तर पूर्ण उघडून, पत्रा घासून, नव्याने रंगवून घ्यावी आणि व्हिंटेज क्रमांक घ्यावा. त्याला तीन लाख वेगळे लागतील. ते नसतील तर वॅगनआर घ्यावी.

टाउनहॉलचा_वारकरी

१९९६ च्या गाडीला व्हिंटेज क्रमांक मिळणार नाही. २०२१ च्या नियमानुसार त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी लागते. आपल्याला आरटीओत तपासणी करून नेहमीच्याच क्रमांकावर पाच वर्षांसाठी पुनर्नोंदणी करावी लागेल आणि पर्यावरण कर भरावा लागेल. शिक्षकांनी मागील पुनर्नोंदणी वेळेवर केली आहे का, हे आरसी बुकावर आधी पाहावे, कारण थकलेला दंड नव्या मालकाच्या गळ्यात येतो.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

एवढी खटपट करण्यापेक्षा नवी गाडी घ्यावी, हे मी पहिल्याच प्रतिसादात लिहिले होते.

गुजरीची_लेक

आमच्या घरातील एक गोष्ट सांगते. वडिलांकडे पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया होता, ज्याच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसल्यामुळे लोक रागावले आणि पुढच्या वर्षी ठसा बदलावा लागला. वडिलांच्या रुपयावर करड्या-निळ्या रंगाचा पातळ थर आला होता आणि हत्तीची सोंड भिंगाखाली नीट मोजता येई. ते गेल्यावर वर्षश्राद्धाला सगळे पाहुणे येणार म्हणून मी त्यांची सगळी नाणी चिंच आणि रांगोळीने घासून लखलखीत केली. मला वाटले, मी त्यांची सेवा करते आहे. नंतर एका जाणकारांनी तो रुपया हातात घेतला आणि काही न बोलता परत ठेवला. सोंड जवळजवळ गेली होती आणि सगळ्या पृष्ठभागावर बारीक ओरखडे होते.

वडिलांची पद्मिनीही होती. तीसुद्धा आम्ही त्याच उत्साहात रंगवून घेतली. नव्या रंगाखाली दारावरची ती खूण गेली, जिथे ते कोपर टेकवून गाडी चालवत. ते दार मी आजही उघडते, पण तिथे आता काहीच नाही.

म्हणून मला वाटते की कोणते नाणे आणि कोणती गाडी, यात जुळणारे काही नसेल. पण नाणे घासणारे हात गाडीही रंगवतात आणि नाणे तसेच ठेवणारे गाडीही तशीच ठेवतात. उद्यमनगर यांचा अनुभव मोठा आहे, तरी त्यांचा रंगाचा सल्ला कृपया मानू नये. इतके लिहूनही माझे मत वॅगनआरलाच आहे. आईला दवाखान्यात न्यायचे आहे आणि जुनी गाडी नेमकी त्याच दिवशी सुरू होत नाही. कोल्हापूरच्या छत्रपतींची जुनी मेबॅक गाडीसुद्धा दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी निघते. रोजच्या कामाला कुणी ती काढत नाही.

हुपरीकर

ताईंशी सहमत आहे. वॅगनआर घ्यावी आणि बेल्ट ओढून पाहावा.

करवीरनाणी (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. उशिरा लिहितो आहे, कारण दोन्ही गाड्या पुन्हा पाहून आलो.

वॅगनआरचा बेल्ट स्वच्छ निघाला. मात्र मीटरवर ४१ हजार किलोमीटर होते आणि क्लचच्या पॅडलचे रबर झिजून खालचे लोखंड दिसत होते. स्टिअरिंगला नवे कव्हर शिवले होते. नाण्याची झीज आधी उंचवट्यावर येते, गालावर, मुकुटावर, आणि मग खोलगट भागात उतरते. गाल सपाट असताना मुकुटाचे मणी टोकदार दिसले तर आपण ते नाणे बाजूला ठेवतो. इथेही तसेच वाटले, पॅडलची झीज आणि मीटरचा आकडा जुळत नव्हता.

पद्मिनीच्या मीटरवर ८८ हजार होते. तिन्ही पॅडलची रबरे सारखी झिजलेली होती. गिअरच्या मुठीवरचे आकडे पुसट झाले होते आणि स्टिअरिंगवर डाव्या अंगठ्याच्या जागी गुळगुळीत खळगा होता. बॉनेटवरचा रंग उन्हाने पांढुरका पडला आहे, पण डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मूळचा गडद निळा अजून तसाच आहे. चुंबक उजव्या मागच्या चाकाच्या कमानीशिवाय सगळीकडे धरले, आणि त्या कमानीबद्दल मास्तरांनी मी विचारण्याआधीच सांगितले. पुनर्नोंदणीची कागदपत्रे १९९६ च्या पावतीसह एका फाइलीत लावलेली होती.

मी पद्मिनी घेतली. १ लाख ३५ हजारांना ठरली. इथे बहुतेक सर्वांनी वॅगनआर सांगितली, त्यामागची काळजी मला कळते, आणि आईच्या चढउताराचा मुद्दा खराच आहे. आईने स्वतः बसून पाहिले. उतरताना हात द्यावा लागतो. दवाखान्याच्या दिवशी शेजारच्यांची रिक्षा नेहमीप्रमाणे सांगून ठेवायची, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. गाडी रंगवणार नाही.

उद्यमनगर_लेथ, इंधनाच्या नळ्या आणि पंपाचा पडदा बदलण्यासाठी मी शनिवारी सकाळी गाडी घेऊन येऊ शकतो का? मागच्या कमानीला आतून गंज थांबवण्याचा थर द्यायचा आहे, तोही बाहेरच्या रंगाला धक्का न लावता जमेल का, हे कळवावे.