'ट्रेन्ड इम्युनिटी'ला मराठीत काय म्हणाल?

मंडळी, एक शब्द अडलाय. इंदूरच्या रामबागेत आमच्या महिला मंडळात लसींवर दहा मिनिटं बोलायचंय, मी 'प्रशिक्षित प्रतिकारशक्ती' लिहिलं तर सासूबाई म्हणतात, ही काय आयटीआयला जाऊन आली का? बरं, ही इम्युनिटी इनेट, म्हणजे उपजत. उपजतच आहे तर शिकवायचं काय?

— ताई, तीच तर गंमत आहे. आपण शाळेत शिकलो की लस टोचली की बी आणि टी ह्या पांढऱ्या पेशी त्या एका रोगाला लक्षात ठेवतात, आणि मोनोसाइट, एनके पेशी वगैरे उपजत फौज म्हणजे दिसेल त्याला झोडायचं, आठवण शून्य. पण टीबीची लस बीसीजी टोचल्यावर ह्याच पेशी भलत्याच जंतूवरसुद्धा जास्त जोरात धावून जातात असं दिसलं. नेदरलँड्समधले संशोधक मिहाई नेतेआ आणि सहकाऱ्यांनी २०११ साली हे नाव काढलं. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊत कमी वजनाच्या बाळांना जन्मल्या जन्मल्या बीसीजी दिली तर टीबी सोडून इतर इन्फेक्शननं होणारे मृत्यूही घटले. माझं मत 'तालीम'ला. तालमीतला पैलवान काय एकाच गड्यासाठी जोर काढतो?

— तालीम म्हटलं की आमच्याकडे नाटकाचीच आठवते. 'वळण' कसं वाटतं? पोरांना लावतो ते. आणि अक्षराचंही वळण असतं ना, ते इथे फारच चपखल बसतं, कारण डीएनएची अक्षरं बदलतच नाहीत, ती ज्या हिस्टोन प्रथिनांवर गुंडाळलेली असतात त्यांच्यावर खुणा पडतात, मग काही जीन वेळ आली की पटकन उघडतात. रक्तातली मोनोसाइट जगते मोजके दिवस, तरी असर महिनोन्महिने राहतो, कारण अस्थिमज्जेतल्या मूळपेशींनाच वळण लागलेलं असतं, घरात असलं की नातवंडांत उतरतं तसं.

— वळण पास! पण फार चढवू नका हं, कोविडमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांना बीसीजी देऊन पाहिली, मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. आणि मंडळात लस टोचली ह्याला 'टीका लावला' म्हणू नका, आपल्या इंदुरी मराठीत खपतं, पण पुण्याची पाहुणी असली तर विचारेल कोणावर टीका केली.

— 'वळण लागलेली प्रतिकारशक्ती' लिहून टाकलं, थँक्यू सगळ्यांना. सासूबाईंनी बाही वर करून दंडावरचा डाग दाखवलाय, आता तो देवीचा की बीसीजीचा यावर घरात वाद चाललाय.