आरएक्स १०० ट्रेलसाठी: पोर्टिंग केलं आणि खालचा दमच गेला, काय करू?

भोरचा_रायडर:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे ९४ ची यामाहा आरएक्स १०० (टू स्ट्रोक बाइक) आहे, हँडल उंच केलंय, नॉबी टायर टाकलेत, रविवारी भोर रायरेश्वर साइडचे कच्चे रस्ते मारतो. चढाला जरा जास्त ताकद पाहिजे म्हणून एका गॅरेजवाल्याकडे पोर्टिंग (सिलेंडरमधली भोकं घासून मोठी करणं) करून घेतलं, त्याने एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे जळालेला वायू बाहेर जायचं भोक, वर जवळजवळ २ मिमी घासला. आता डांबरी रस्त्यावर वरच्या आरपीएमला गाडी पिसाट पळते, पण मुरमाच्या चढावर दुसऱ्या गियरला मेल्यासारखी होते, क्लच घासत बसायचा नाहीतर पहिला टाकून किंचाळत जायचं. परवा एका दगडी टप्प्यावर तीनदा बंद पडली आणि मागे घसरली, पाय अडकता अडकता वाचला. आता मोठा कार्ब (कार्बोरेटर) आणि चेंबर पाइप (फुगीर रेसिंग सायलेन्सर) टाकू का? की अजून काही? मनापासून सांगा, गाडी वडलांची आहे, विकायची नाही.

सिलेंडर_काका:
बाळा, आधी मोठा कार्ब डोक्यातून काढ. टू स्ट्रोकला एक्झॉस्ट पोर्ट वर नेला की तो लवकर उघडतो, म्हणजे दाब पिस्टनला पुरता ढकलायच्या आधीच निघून जातो. वरच्या आरपीएमला ते चालतं, खाली नाही. त्यात मोठा कार्ब लावलास तर हवेचा वेग कमी होऊन अजून मरेल. मुळात ही गाडी ९८ सीसी, बोअर (सिलेंडरचा व्यास) ५० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ५० मिमी, आणि कंपनीचे ११ बीएचपी ७५०० आरपीएमला मिळतात. ट्रेलला तू ३-४ हजारावर असतोस, तिथलं पुलिंग वाढवायचंय. घासलेलं लोखंड परत येत नाही, म्हणून स्टँडर्ड पोर्टचा ब्लॉक (सिलेंडर) शोध, नाहीतर नवीन लायनर (सिलेंडरच्या आतली नळी) बसव.

मग खरी कमाई हेडमध्ये, म्हणजे सिलेंडरच्या वरच्या झाकणात आहे. जाड सोल्डरची तार घे, २ मिमीची, प्लगच्या भोकातून आत घाल, टोक सिलेंडरच्या भिंतीला टेकलं पाहिजे, गजनपिनच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉड जोडणारी आडवी पिन) रेषेत. किक हाताने हळू फिरव, पिस्टन वर येऊन तार चेपतो, मग चेपलेलं टोक व्हर्नियरने मोज, तेच पिस्टन आणि हेडमधलं अंतर. बरेचदा दीड मिमीच्या वर निघतं. लेथवर हेडची बसणारी बाजू मारून ते १ मिमीच्या आसपास आण, ०.९ च्या खाली नको, कॉम्प्रेशन वाढतं आणि स्फोट चांगला होतो, पिकअप खालूनच जाणवतो.

घाटवेडा:
काकांशी सहमत, फक्त भावा सर्वात आधी स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) बदल. पुढचा एक दात कमी कर, १४ चा १३. मागे तीन दात वाढवल्यासारखं होतं आणि खर्च नावाला. चढाला लगेच फरक दिसेल, टॉप थोडा जाईल, ट्रेलला काय करायचाय.
चेंबर पाइपबद्दल: बाजारातले आखूड चेंबर रेससाठी असतात. आतली लहर लवकर परत येते म्हणून पॉवर वर सरकते, तू तेच टाकलंस तर आत्ताचंच दुखणं वाढेल. ओरिजिनल सायलेन्सर ठेव, फक्त जाळून आतला कार्बन काढून घे, आणि बॅफल (सायलेन्सरच्या आतली आवाज दाबणारी नळी) काढू नको. रीड (कार्ब आणि इंजिनमधला पातळ पात्यांचा व्हॉल्व्ह) पण उघडून बघ, पात्या उजेडाकडे धर, कुठे फट किंवा केसासारखी चीर दिसली की बदल, त्या चिरेनेही खालचा दम जातो.
आणि कायद्याचं: रस्त्यावर रजिस्टर्ड गाडी आहे, मोटार वाहन कायद्याचं ५२ कलम बदलांवर आहे, सीसी बदलणं वगैरेच्या फंदात पडू नकोस.

भोरचा_रायडर:
जुना ब्लॉक माळ्यावर आहे, काका! तो न घासलेला स्टँडर्डचा, पण भिंतीला उभे ओरखडे आहेत. आज तार टाकून मोजलं, १.७ मिमी आलं.

सिलेंडर_काका:
मग सोन्यासारखं आहे, तोच घे. ओरखडे निघेपर्यंतच बोअर, ०.२५ किंवा ०.५० चा पिस्टन घाल. बोअर झाल्यावर नवीन गॅस्केट टाकून पुन्हा मोज, पिस्टन बदलला की आकडा हलतो, आणि तेव्हाच लेथवाल्याला हेड किती मारायचं ते सांग, ०.६ मिमी किंवा जो निघेल तो. हेड मारल्यावर प्लग वाचायला शिक. चढावर फुल थ्रॉटलला नेऊन लगेच इंजिन बंद कर आणि प्लग काढ. पांढरा दिसला तर मेन जेट (कार्बमधलं पेट्रोलचं भोक) एक नंबर मोठा टाक, प्लग चॉकलेटी हवा. आत्ताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर गाडी मुळातच लीन पडते (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), त्यामुळे हे टाळू नको. ऑइल पंप काढून टाकला असशील तर पेट्रोलमध्ये लिटरला २० मिली ऑइल मोजूनच घाल. पंप असेल तर उताराला थ्रॉटल बंद ठेवून लांब सोडू नको, पंपाला तार थ्रॉटलचीच असते, ऑइल कमी जातं. क्लच दाबून मधून मधून रेस दे. माझा पिस्टन असाच वरंध घाटाच्या उताराला चिकटला होता, एका बाजूला बोटभर चरे.

भोरचा_रायडर:
शनिवारी ब्लॉक बोअरला टाकतोय, स्प्रॉकेट आजच घेतला. मोजमाप आलं की टाकतो इथेच.