मदत हवी आहे: एडलवाईस हिवाळ्यात कुजतंय

मंडळी, मी मँचेस्टरला राहते. दोन वर्षांत एडलवाईसची (युरोपातल्या आल्प्स पर्वतात उगवणारं, पांढऱ्या लवदार फुलांचं छोटं रोप) दोन रोपं गेली. थंडीने नाही, हे नक्की. आल्प्समध्ये ते महिनोन्‌महिने बर्फाखाली राहतं. पण तिथे बर्फाखाली ते बऱ्यापैकी कोरडं असतं आणि इथे ऑक्टोबर ते मार्च नुसती रिपरिप. पानांवरच्या लवेत पाणी धरून राहतं, मग मधला कोंब तपकिरी होतो आणि हलकंसं ओढलं तरी पानं हातात येतात.

पहिलं रोप बागेच्या चिकणमातीत होतं, ती माझीच चूक. दुसरं कुंडीत, पण त्यात कंपोस्ट जास्त झालं: दांडे लांबुडके, फुलं हिरवट, हिवाळ्यात गेलं.

आता तिसरं आहे. दक्षिणेकडच्या भिंतीलगत एक फूट उंच वाफा केलाय, निम्मी माती, निम्मी बारीक खडी, बुंध्याभोवती चुनखडीचे तुकडे. खत अजिबात नाही. या उन्हाळ्यात फुलं छान पांढरी आली, म्हणून हे जाऊ नये असं फार वाटतंय.

ग्रीनहाऊस नाही, घर भाड्याचं आहे, त्यामुळे कायमचं छप्पर घालता येणार नाही. घरात आणायचं नाहीये, त्याला थंडी लागतेच.

ज्यांनी अशा ओल्या हवेत हे रोप तीन-चार हिवाळे टिकवलंय त्यांना विचारते: वर तिरकी काच बसवून चारही बाजू उघड्या ठेवल्या तर पुरेल का? आणि वाळलेली पानं आत्ताच काढावीत, की कोंबाला आडोसा म्हणून मार्चपर्यंत राहू द्यावीत?