जेवणाआधीची प्रार्थना मुलगा नुसती उरकतो, काय करावं?

सदरची_आई:
माझा मुलगा सात वर्षांचा आहे, पहिल्या ख्रिस्तप्रसादाची (फर्स्ट कम्युनियनची) तयारी सुरू आहे. शाळेत इंग्रजीतून 'ब्लेस अस ओ लॉर्ड' शिकवलं, घरी सासूबाई मराठीतून म्हणवून घेतात. दोन्ही पाठ आहेत, पण ताटात वरण-भात पडला की एका दमात म्हणून मोकळा होतो. रागावून प्रार्थना म्हणवून घ्यायची नाही मला. कोणी काही सुचवेल का?

मोहननगरची_मावशी:
पोरी, भुकेल्या लेकराचं लक्ष ताटातच राहणार. आधीची प्रार्थना छोटीच राहू दे, क्रुसाची खूण तेवढी नीट करायला लाव. भर दे जेवणानंतरच्या प्रार्थनेवर. ती कितीतरी घरांतून सुटूनच गेली, अन् आभार खरे तिच्यातच आहेत: 'हे सर्वसमर्थ देवा, तुझ्या सर्व दानांबद्दल आम्ही तुझे आभार मानतो.' जुन्या पाठात शेवटी मृतांच्या आत्म्यांसाठी शांती मागतात. आमच्या नातीनं तिथेच मला थांबवलं, "म्हणजे आजोबांसाठी पण?" आता त्या ओळीला ती हळूच 'आजोबा' म्हणते, मगच आमेन. हात धुवायला उठायच्या आत म्हणायची, एवढा एकच नियम ठेव.

अन् बायबलमधल्या लूकच्या 17व्या अध्यायातली दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट सांग त्याला. दया कर म्हणून हाका मारल्या दहाही जणांनी, बरं झाल्यावर आभार मानायला परतला एकटा, तोही परका, शमरोनी. 'बाकीचे नऊ कुठे आहेत?' हा येशूचा प्रश्न मुलांच्या डोक्यातून जात नाही, मी पाहिलंय.

रविवारची_टीचर:
मावशींचं अगदी पटलं. धाकटं भावंड असेल तर बायबलमधलं स्तोत्र 136 घ्या. 26 वचनं, अन् प्रत्येकाच्या शेवटी 'त्याची दया सनातन आहे'. आपण पुढचं वाचायचं, मुलांनी एवढंच म्हणायचं. लहानांसाठी मी सूर्य, चंद्र, तारे येतात ती 7 ते 9 वचनंच घेते. 31 डिसेंबरला म्हणतात ते 'ते देउम' हे आभाराचं गीत फार लांब आहे, त्याची घाई नको. त्याआधी मरियेचं स्तोत्र शिकवा, लूक 1:46 पासून.

सदरची_आई:
सासूबाईंना जेवणानंतरची येते, आज रात्रीपासून त्याच सुरू करतील. मावशी, इंग्रजी आणि मराठी दोन्ही चालू ठेवू ना?

मोहननगरची_मावशी:
ठेव की. शाळेत डबा उघडताना इंग्रजी, घरी आजीसोबत मराठी.